वयाचा दाखला की यंत्राभोवतीचे कुंपण?

मुलांना इंटरनेटवरील धोक्यांपासून कसे जपावे, या विषयावर देशात सध्या जी चर्चा चालू आहे ती बहुतांशी एका आकड्याभोवती फिरते : तेरा, सोळा की अठरा? ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. तेव्हापासून आपल्याकडेही तशाच बंदीची मागणी जोर धरू लागली आहे. त्यापूर्वी, एप्रिल २०२५ मध्ये, तेरा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर बंदी घालावी अशी विनंती करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. हा धोरणाचा प्रश्न आहे, असे सांगून न्यायालयाने त्यात पडण्यास नकार दिला.

वस्तुतः संसदेने आपला आकडा त्याआधीच निवडला होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती ही 'बालक' आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुलांसंबंधीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायच्या आहेत. हा मधला काळ कंपन्यांना तयारीसाठी दिलेला आहे. शासनाने आणि समाजानेही तो तयारीसाठी वापरायला हवा. कारण आकडा ठरवणे हा या प्रश्नाचा सर्वांत सोपा भाग आहे. ते वय कोणी व कसे सिद्ध करायचे आणि मूल ज्या यंत्रापुढे बसते त्या यंत्राची जबाबदारी कोणाची, हे दोन प्रश्न खरे अवघड आहेत. पहिल्याचे उत्तर आपण अर्धवट दिले आहे आणि दुसऱ्याला अजून हातच घातलेला नाही.

संमतीची कागदी भिंत

कायद्याचे नववे कलम मुलांविषयी आहे. मुलाच्या वैयक्तिक माहितीवर कोणतीही प्रक्रिया करण्यापूर्वी पालकाची 'पडताळणीयोग्य संमती' घ्यावी; मुलांच्या हालचालींचा माग काढू नये, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवू नये आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती दाखवू नयेत, असे हे कलम सांगते. उल्लंघन झाल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शब्द कडक आहेत आणि हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

अडचण सुरू होते ती अंमलबजावणीच्या पायरीवर. नियमांमध्ये जी उदाहरणे दिली आहेत त्यांची सुरुवात 'आपण बालक आहोत असे मूल कंपनीला सांगते' अशा गृहीतकाने होते. जे मूल तसे सांगत नाही आणि जन्मवर्षाच्या रकान्यात सरळ २००० लिहून मोकळे होते, त्याच्यापाशी ही भिंत पोहोचतच नाही. आणि ज्या मुलाने प्रामाणिकपणे वय सांगितले, त्याच्या बाबतीत कंपनीने तपासायचे ते एवढेच, की पालक म्हणून पुढे आलेली व्यक्ती सज्ञान आहे आणि तिची ओळख पटते आहे. त्यासाठी कंपनीकडे असलेली माहिती चालेल, त्या व्यक्तीने स्वतःहून दिलेली माहिती चालेल किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतून मिळालेला सांकेतिक दाखला चालेल. परंतु ही सज्ञान व्यक्ती त्याच मुलाची आई किंवा वडील आहे, हे सिद्ध करण्याची कोणतीही पक्की सोय त्यात नाही. थोरला चुलतभाऊ, शेजारचा दादा किंवा फसवणुकीच्या हेतूने जवळीक साधणारा परका इसमसुद्धा या व्याख्येत 'पालक' म्हणून उभा राहू शकतो.

वयाचा दाखला ही गोष्ट आपल्या देशात किती लवचीक असू शकते, हे ज्यांनी प्रशासनात उमेदवारी केली त्यांना सांगावे लागत नाही. एका पिढीत जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्यांची संख्या अचंबित करण्याइतकी मोठी आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली होती. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेसाठी जन्माचा दाखलाच ग्राह्य धरण्याची २०२३ ची दुरुस्ती लागू होते ती १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना. ही बालके अजून चालायला-बोलायला शिकत आहेत.

गिरण्यांतील मुलांचा धडा

अशा पेचाला आपला देश पहिल्यांदाच सामोरा जात नाही. १८८१ चा कारखाने कायदा हा भारतातील बालसंरक्षणाचा एक आद्य कायदा. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्यात म्हटले होते. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, १९२२ मध्ये बारा. म्हणजे आकडा दर पिढीला वर सरकत राहिला. पण वयाच्या दाखल्याचा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर तसाच उरला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत एकच मूल दोन वेगवेगळ्या दाखल्यांवर एकाच दिवशी दोन गिरण्यांत राबत असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १९२६ च्या दुरुस्तीने अशा मुलांच्या पालकांनाच दंड करण्याची तरतूद आणावी लागली. आज एकाच फोनवर घरच्यांना दाखवायचे एक आणि मित्रांसाठीचे दुसरे अशी दोन खाती चालवणाऱ्या मुलांचे हे पूर्वजच म्हणायचे.

त्याच १८८१ च्या कायद्यात आणखी एक तरतूद होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालणे तिने मालकावर बंधनकारक केले होते. पट्ट्याजवळ उभे असलेले मूल सहा वर्षांचे आहे की नऊ, हा वाद चालू असतानाही त्याचा हात यंत्रात जाऊ नये, हे या कुंपणामागचे साधे शहाणपण. त्यात मुलाने खोटे बोलण्याचा प्रश्न येत नव्हता आणि बापाच्या अंगठ्याचीही गरज नव्हती. कुंपण आहे की नाही, हे तपासनीसाला डोळ्यांनी दिसत होते.

त्या काळी गिरणीमालकांचा आक्षेप होता की, असल्या निर्बंधांमुळे हा बाल्यावस्थेतला उद्योग बुडेल आणि या कायद्यामागे लँकेशायरच्या कापड उद्योगाचा मत्सर आहे. त्यातील दुसरा भाग सर्वस्वी निराधार नव्हता. तरीही यंत्राला कुंपण असावे, हे तत्त्व त्यामुळे चुकीचे ठरले नाही. आज नवसंशोधनाला खीळ बसेल हा युक्तिवाद ऐकताना हा इतिहास ध्यानात ठेवावा.

शारदा कायद्याची कथाही याच अंगाने जाते. मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा करणारा हा कायदा १९२९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मधल्या महिन्यांत देशाच्या अनेक भागांत बालविवाह उरकून घेण्याची घाई उडाली आणि १९३१ च्या जनगणनेत तिचा ठसा उमटला. जन्माची आणि विवाहाची नोंद सक्तीची केल्याशिवाय वयाचा नियम पोकळ राहील, असा इशारा मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिला होता. कायदा आला, नोंदणीची सक्ती मागे पडली. आकडा कागदावर राहिला.

घरातला एक फोन

पालकांच्या संमतीची कल्पना मुळात ज्या समाजात जन्मली, तेथे मुलाजवळ स्वतंत्र उपकरण असते आणि पालकाला त्या उपकरणाची मुलापेक्षा अधिक नसली तरी बरोबरीची जाण असते. भारतातील बहुसंख्य घरांत परिस्थिती वेगळी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरले आहे असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के आणि पुरुषांचे ५७.१ टक्के होते. त्यानंतर हे आकडे वाढले असतील. पण आज चौदा वर्षांचे असलेल्या मुलांच्या आया याच पाहणीतल्या आहेत. ज्या आईने स्वतः कधी खाते उघडले नाही, तिच्याकडून अटी वाचून, समजून संमतीची अपेक्षा करणे म्हणजे त्या मुलानेच आईच्या फोनवर आलेला ओटीपी भरणे होय.

मुलांच्या बाजूने पाहावे तर 'असर' २०२४ ची ग्रामीण पाहणी बोलकी आहे. चौदा ते सोळा वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखाद्या खात्याला अटकाव कसा करावा किंवा त्याची तक्रार कशी करावी, हे सुमारे ६२ टक्के मुलांना ठाऊक होते. आपले खाते खासगी कसे करावे, हे सुमारे ५५ टक्के मुलांना. म्हणजे ग्रामीण भारतातील ही मुले समाजमाध्यमांवर केव्हाच पोहोचली आहेत आणि त्यांतील जवळपास निम्म्यांना स्वतःच्या घराचे दार आतून लावता येत नाही.

या चित्रात बंदीची किंवा कडक वयपडताळणीची किंमत कोण मोजेल, हेही पाहावे लागते. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांमध्येही स्वतःचा फोन असण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा कमी आहे, असे हीच पाहणी सांगते. घरातून परवानगी आणण्याची अट आली, की मुलग्याला ती सहज मिळते आणि मुलीला 'तुला कशाला हवे?' असा प्रतिप्रश्न मिळतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेची शिकवणी, आरोग्याविषयी विचारायला लाज वाटणारा प्रश्न या साऱ्यांचा रस्ता त्याच फोनमधून जातो. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात अठरा ही मर्यादा अन्य कायद्यांशी सुसंगत म्हणून स्वीकारली. पण मुलाच्या स्वतंत्र विकासाच्या दृष्टीने ती जास्त वाटू शकते, हेही नमूद केले होते.

बंदीच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र बळकट आहे आणि तो डावलता येणार नाही. वर्गातील सर्वांकडे खाते असताना एकट्या पालकाने आपल्या मुलाला दूर ठेवणे जवळजवळ अशक्य असते; नियम सर्वांना सारखा असेल तरच ते जमते. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यात मुलाला किंवा पालकाला शिक्षा नाही. कंपनीला मात्र सुमारे पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. आपण उचलायचा असेल तर त्या कायद्यातील सोळाच्या आकड्यापेक्षा हा भाग उचलण्याजोगा आहे.

कुंपण म्हणजे काय

समाजमाध्यमाच्या यंत्रातील धोकादायक भाग आता सर्वांच्या परिचयाचे आहेत. अनोळखी प्रौढाला मुलाशी थेट संदेशाने बोलता येणे, खाते जन्मतःच सर्वांसाठी खुले असणे, एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होणे, मध्यरात्री सूचनांची घंटी वाजणे, ठावठिकाणा उघड होणे आणि उदास मुलाला अधिक उदास करणारा मजकूरच पुन:पुन्हा पुढे सरकवणारी शिफारस-प्रणाली. हे सर्व कोणीतरी विचारपूर्वक घडवलेले आहे. त्यामुळे ते बदलताही येते.

ब्रिटनचा अनुभव याची साक्ष देतो. मुलांसाठी वयानुरूप रचनेची संहिता तेथे सप्टेंबर २०२० मध्ये अमलात आली आणि तयारीसाठीची एक वर्षाची मुदत सप्टेंबर २०२१ मध्ये संपली. संहितेत पंधरा मानके आहेत. खाते मुळातच अधिकाधिक खासगी असावे, ठावठिकाणा मुळातच बंद असावा, मुलांना स्वतःची माहिती देण्यास चुचकारणारी रचना वापरू नये, अशी त्यांची तऱ्हा आहे. ती मुदत जवळ येत असतानाच, २०२१ च्या उन्हाळ्यात, इन्स्टाग्रामने सोळा वर्षांखालील मुलांची नवी खाती मुळातच खासगी ठेवण्याचे आणि यूट्यूबने अठरा वर्षांखालील वापरकर्त्यांसाठी आपोआप पुढे चालणाऱ्या चित्रफिती मुळातच बंद ठेवण्याचे जाहीर केले. जे काल तांत्रिकदृष्ट्या अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते मुदत समोर दिसताच शक्य झाले. भारतात इन्स्टाग्रामची किशोरवयीनांसाठीची संरक्षित खाती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली, अन्य काही देशांनंतर काही महिन्यांनी. ती कंपनीच्या मर्जीने आली. भारतीय मुलाचा हक्क म्हणून नव्हे. मर्जीने आलेली गोष्ट मर्जीने जाऊही शकते.

आपल्या कायद्यात या कुंपणासाठी दोन खांब आधीच रोवलेले आहेत. नवव्या कलमातील एक उपकलम म्हणते की, मुलाच्या हितावर विपरीत परिणाम होण्याची शक्यता असेल अशी कोणतीही प्रक्रिया त्याच्या माहितीवर करू नये. परंतु 'विपरीत परिणाम' म्हणजे काय, याची व्याख्या ना कायद्यात आहे ना नियमांत. दुसरे उपकलम असे की, एखादी कंपनी मुलांची माहिती 'पडताळून पाहता येईल इतक्या सुरक्षित' रीतीने हाताळते, अशी केंद्र सरकारची खात्री पटली, तर तिच्यासाठी संमतीची वयोमर्यादा अठराहून खाली आणता येईल. पहिले उपकलम म्हणजे कुंपणाची सक्ती आणि दुसरे म्हणजे कुंपण घालणाऱ्याला मिळणारी सवलत. मे २०२७ पूर्वी केंद्राने पहिल्याची ठोस संहिता तयार करावी आणि दुसऱ्याची सवलत स्वतंत्र लेखापरीक्षणाशिवाय कोणालाही देऊ नये. अन्यथा ही सवलत मोठ्या कंपन्यांसाठी मागचे दार ठरेल.

यात शासनाने स्वतःलाही वगळू नये. महासाथीच्या काळात शाळा बंद झाल्या तेव्हा मुलांच्या हाती फोन देण्याचे आवाहन व्यवस्थेनेच केले होते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२ मध्ये ४९ देशांतील १६४ शैक्षणिक ॲप व संकेतस्थळांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८९ टक्क्यांमध्ये मुलांच्या माहितीला धोका पोहोचवणाऱ्या पद्धती आढळल्याचे तिने नोंदवले. आपल्या 'दीक्षा'चाही त्यात उल्लेख होता. नव्या नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी व मुलांच्या सुरक्षिततेसाठी माग काढण्याच्या बंदीतून सूट आहे. सूट समजण्यासारखी आहे. पण तिच्या मर्यादा कोण तपासणार, हे स्पष्ट नाही.

तपासनीस आणि तक्रारीची वाट

कुंपणाइतकाच तपासनीस महत्त्वाचा. नव्या भारतीय डेटा संरक्षण मंडळाची रचना न्यायनिवाडा करणाऱ्या संस्थेसारखी आहे. माहितीची गळती झाल्याचे कळले, तक्रार आली, न्यायालयाचा आदेश आला किंवा केंद्र वा राज्य सरकारने प्रकरण सोपवले, की मंडळ हलते. स्वतःहून कंपन्यांच्या दारी जाऊन कुंपण पाहण्याची त्याची घडण नाही. येथे राज्य सरकारांच्या हाती एक साधन आहे, ज्याची फारशी चर्चा होत नाही. बंदीच्या घोषणा करण्याऐवजी राज्यांनी आपल्या बाल हक्क संरक्षण आयोगांकडून मुलांसाठीच्या सेवांची नियमित पाहणी करवून घ्यावी आणि दोष आढळतील ती प्रकरणे मंडळाकडे सोपवावीत. कायदा त्यांना हा अधिकार देतो.

गुन्हेगारी कायद्याच्या बाजूला चित्र तुलनेने बरे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब, 'पोक्सो' कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०२४ चा निकाल यांनी बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण जवळ बाळगणे हाही गुन्हा असल्याचे निःसंदिग्ध केले. असे चित्रण आढळल्यास कंपनीने केवळ अमेरिकेतील संस्थेला कळवून भागणार नाही, 'पोक्सो'नुसार येथील यंत्रणेलाही कळवावे लागेल, हेही त्या निकालाने सांगितले. बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या त्या अमेरिकी केंद्राशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा करार २०१९ चा आहे. २०२३ मध्ये या केंद्राकडे आलेल्या सूचनांपैकी सुमारे ८९ लाख भारताशी निगडित होत्या. कोणत्याही देशापेक्षा अधिक. यात एकाच चित्राच्या पुनरावृत्ती पुष्कळ असतात आणि आपल्या लोकसंख्येचाही त्यात वाटा आहे. तरीही एवढा ढीग उपसण्यासाठी जिल्हापातळीवर किती प्रशिक्षित माणसे आहेत, हा प्रश्न प्रत्येक राज्याच्या गृहखात्याने स्वतःला विचारावा. २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना असे चित्रण यंत्राद्वारे हुडकण्याचा 'प्रयत्न' करण्यास सांगितले आहे. प्रयत्न हा शब्द आता 'कर्तव्य' या शब्दाने बदलण्याची वेळ आली आहे.

आणि शेवटी तक्रार करणारे मूल. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या, तेव्हा तपासनीस होताच. पण ज्यांच्यासाठी कायदा होता त्यांचा आवाज प्रथमच संघटितपणे ऐकू आला. आज धमकीला किंवा ब्लॅकमेलला बळी पडलेले मूल गप्प राहते, कारण बोलले तर फोन हिसकावला जाईल, शाळा सुटेल, बोल आपल्यालाच लागेल, अशी भीती त्याला असते. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा मजकुराची तक्रार नाव न सांगता करण्याची सोय आहे. पण हा क्रमांक पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठामागे असणे वेगळे आणि त्या क्रमांकावर आपल्याला दोष न देता ऐकून घेतले जाईल असा विश्वास असणे वेगळे. तो विश्वास शाळेतील एखाद्या प्रशिक्षित शिक्षिकेपासून सुरू होतो. दंडाचे दोनशे कोटी सरकारच्या तिजोरीत जातील. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील नुकसानभरपाईचे कलम ४३ अ मात्र नव्या कायद्याने रद्द होणार आहे. ज्याचे नुकसान झाले त्या मुलाच्या उपचारांचा आणि समुपदेशनाचा खर्च कोणी उचलायचा, हेही या अठरा महिन्यांत ठरायला हवे.

आकड्यावरील वाद पुढेही चालू राहील आणि तो चालू राहण्यास हरकत नाही. मात्र सोळा ठरो वा अठरा, काही कोटी मुले त्या रेषेच्या अलीकडे राहूनही फोन हाती घेतीलच. त्यांच्या हातातील यंत्राला कुंपण असावे, ही मागणी त्या वादाच्या निकालासाठी थांबवून ठेवता येणार नाही.